केंडलचा काळा पीळ

काळा पीळ म्हणजे दोरासारखी वळलेली, पाइपमध्ये ओढायची तंबाखू. तो हातात घेतला की आधी बोटांना तेल लागतं. मग वास चढतो: धूर, कमावलेलं चामडं आणि त्याच्याही खाली वखारीत थप्पी लावून ठेवलेल्या पानांचा जड दर्प. अंगठ्याएवढी जाडी, काळाकुट्ट रंग, आणि वरचं पान इतकं घट्ट बसलेलं की नखाने सुटत नाही. दुकानदार मोठ्या वेटोळ्यातून तुकडा कापतो, तराजूवर तोलतो आणि पुडीत बांधून देतो. २५ ग्रॅम म्हणजे जेमतेम बोटभर. माझ्यासारख्याला तेवढी पुष्कळ दिवस पुरते.

पाइप ओढणाऱ्यांत या तंबाखूची ख्याती आहे ती कडकपणाची. कुणाला कशी घेरी आली, कोण कसा अर्ध्यातून उठून मोरीकडे पळाला, एवढंच ऐकायला मिळतं. चवीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, कारण चव लागायच्या आधीच बहुतेकांनी पाइप खाली ठेवलेला असतो. मला ती चव मिळाली. त्यासाठी काय काय करावं लागलं ते सांगतो.

मी मूळचा निपाणीकडचा. घरच्या रानात तंबाखू असायची. पावसाळ्यात तरवा टाकायचा, रोपं लावायची, झाड वाढलं की शेंडा खुडायचा आणि मग पुन्हा पुन्हा येणारे फुटवे काढत राहायचं. शेंडा खुडला की फुलाकडे, बीकडे जाणारी ताकद पानात उतरते. पान जाड होतं, कडक होतं. हे काम सकाळच्या दवात केलं तर हाताला काळा चिकटा बसतो आणि दुपार व्हायच्या आत डोकं गरगरायला लागतं, पोटात ढवळतं. आमच्याकडे म्हणतात, तंबाखू लागली. जन्मात कधी विडी तोंडाला न लावलेल्या बायकांनाही ती लागते, कारण ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून आत जातं. लागली की सावलीत बसवायचं, गुळाचा खडा हातावर ठेवायचा, वर पाणी द्यायचं. १९८१ साली तंबाखूला भाव मागायला शरद जोशींच्या मागे शेतकरी महामार्गावर बसले, गोळीबार झाला, माणसं गेली. त्या गोष्टी ऐकतच आमची पिढी मोठी झाली. तंबाखू म्हणजे आम्हाला कधीच नुसता शौक नव्हता.

पाइप मात्र मी इथे आल्यावर धरला. इथे म्हणजे इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, कंब्रिया परगण्यातल्या व्हाइटहेवनला. आज हे गाव शांत आहे, पण अठराव्या शतकात अमेरिकेतल्या व्हर्जिनिया आणि मेरिलँडहून जहाजं भरून तंबाखू या धक्क्यावर उतरायची. गाव त्या पैशावर उभं राहिलं आणि ती पानं तिकडे गुलामांच्या हातांनी पिकलेली होती, हेही त्याच हिशोबात धरायला हवं. व्हर्जिनियाशी इथलं नातं असं की जॉर्ज वॉशिंग्टनची आजी मिल्ड्रेड गेल इथल्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात पुरलेली आहे.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कोळशाच्या खाणीत काढली. इथली हेग खाण १९८६ मध्ये बंद झाली, तोवर ते तिच्यात उतरत होते. या खाणी समुद्राच्या तळाखाली दूरवर गेलेल्या आणि त्यांत मिथेन साठायचा. शेजारच्या विल्यम खाणीत स्फोट होऊन १०४ माणसं मेली, ती तारीख होती १५ ऑगस्ट १९४७. आपल्याकडे तिरंगा चढला त्याच दिवशी इथे घराघरांतून लोक खाणीच्या तोंडाशी जाऊन उभे होते. आजोबा तेव्हा लहान होते, पण गल्लीतल्या कुठल्या घरातलं कोण गेलं हे ते अजून बोटावर मोजून सांगतात.

म्हणूनच खाली उतरताना प्रत्येकाचे खिसे तपासले जात. काडेपेटी, सिगारेट, काहीही सापडलं तर धडगत नव्हती. मग तलफ भागवायची कशी? पीळ चघळून. एक तुकडा गालात धरायचा, कोळशाच्या धुळीने कोरडा पडलेला घसा ओला ठेवायचा, थुंकत थुंकत पाळी काढायची. वर आल्यावर त्याच पिळाचे काप करून पाइपमध्ये भरायचे. खिशात एकच तुकडा, त्याचे दोन उपयोग. ओल्या हवेत, अंगातल्या घामात, कुठेही ठेवला तरी बिघडत नाही, आणि थोडक्यात भागतं. जहाजावरच्या खलाशांचीही हीच गरज होती, कारण लाकडी जहाजावर उघड्या विस्तवाची भीती.

मी मागच्या अंगणात पाइप ओढत बसलेलो असताना आजोबांनी कुंपणावरून वास घेतला आणि विचारलं, ‘‘हे काय ओढतोस?’’ मी डबी दाखवली. मऊ, गोडसर व्हर्जिनिया तंबाखू होती. त्यांनी चिमूट नाकाशी नेली, परत ठेवली आणि म्हणाले, ‘‘चांगली आहे. पण तू तंबाखूच्या गावचा ना? मग पीळ ओढून बघ. पोटभर जेवून ओढ आणि बसून ओढ.’’

सगळी सुरुवात एवढीच.

हा पीळ वळतात केंडलला. लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांना वळसा घालून गेलं की केंट नदीकाठी करड्या चुनखडीच्या घरांचं हे गाव लागतं. १७९२ मध्ये थॉमस हॅरिसन नावाचा माणूस ग्लासगोहून तपकीर दळायची विद्या आणि यंत्रं घेऊन इथे आला. पुढे तो धंदा गॉविथ घराण्याकडे गेला, घराण्याच्या दोन पेढ्या झाल्या, सॅम्युएल गॉविथ आणि गॉविथ हॉगर्थ, आणि २०१५ मध्ये त्या पुन्हा एक झाल्या. लोथर स्ट्रीटवरच्या जुन्या तपकिरीच्या इमारतीवर तुर्काची रंगीत मूर्ती आहे. मी तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो होतो. आमच्या आजीची तपकिरीची डबी मला आठवली, आणि ही दोन गावं एकमेकांची नावंही न ऐकता एकाच पानावर जगली याचं फार नवल वाटलं.

पीळ वळायची रीत कागदावर सोपी दिसते. मधली शीर काढलेली लांब पानं टेबलावर एकापुढे एक अशी मांडत जायची. त्यांच्याभोवती एक मोठं, न फाटलेलं पान गुंडाळायचं. यंत्र पीळ देत जातं आणि तयार दोर चाकावर गुंडाळला जातो. यंत्र काम करतं ते एवढंच. पानं किती घ्यायची, कुठे दाटी होते आहे, कुठे विरळ पडतं आहे, हे सगळं मांडणाऱ्याच्या हाताला कळावं लागतं; नाही तर दोर मध्येच फुगतो किंवा तुटतो. पान वापरतात ते गडद, जाड, बरंचसं लाकडाच्या धुरावर वाळवलेलं. पीळ दोन रंगांचा, तपकिरी आणि काळा. तपकिरी इथवर आला की जवळजवळ झाला. काळ्याला पुढे ऑलिव्हचं तेल, दाब आणि उष्णता द्यायची. पान स्वतःच्याच रसात आणि तेलात शिजत जातं, काळं पडतं आणि आत-बाहेर एकजीव होतं. केंडलच्या इतर पुष्कळ तंबाख्यांना गुलाबाचा, जिरेनियमचा, साबणासारखा सुवास दिलेला असतो. तो मला आजवर रुचलेला नाही. काळ्या पिळाला असलं काही लागत नाही.

घरी आणल्यावर पहिलं काम कापण्याचं, आणि माझ्या मते अर्धं यश तिथेच आहे. सुरी धारदार हवी. बोथट सुरीने पीळ दबतो, वरचं पान सुटतं आणि आतला गाभा पिंजतो. मी लाकडी पाटावर पीळ आडवा धरतो आणि सुरी वरून दाबत नाही, पुढे-मागे ओढत कापतो. नाण्याएवढ्या गोल, पातळ चकत्या पडतात, जाडीला मिलिमीटर-दीड मिलिमीटर. चकती उजेडात धरली तर पिळाचे वेढे स्पष्ट दिसतात: कडेला वेष्टनाच्या पानाची काळी गोल रेघ आणि आत भोवऱ्यासारखी फिरत गेलेली पानं, कुठे काळी, कुठे गर्द तपकिरी. सुरीच्या पात्यावर तेलाचा पातळ थर चढतो. तो मध्ये मध्ये पुसावा लागतो.

आजोबांना पाटबिट लागत नाही. ते खिशातला चाकू काढतात, पीळ डाव्या मुठीत धरतात आणि अंगठ्याच्या दिशेने पातळ काप सोलत जातात. काप तळहातात पडतात, तिथेच दुसऱ्या हाताच्या टाचेने मळले जातात. तंबाखू मळणारा हात मी लहानपणापासून पाहत आलो आहे. चुना लावून, डाव्या तळव्यावर, उजव्या अंगठ्याने. आजोबांच्या हातात चुना नव्हता, पण बाकी सगळं तेच.

मळलेल्या चकत्यांचा चुरा होत नाही. लांबट, तेलकट दोरे होतात. ते मी जुन्या वर्तमानपत्रावर पसरून ठेवतो. दुसऱ्या तंबाख्या तासाभरात सुकतात. काळ्या पिळाला रात्र जाऊ द्यावी लागते, पावसाळी हवा असेल तर आणखी. तेल उडत नाही, पण ओल उडते. चिमटीत दाबली तर गोळा होऊ नये आणि सोडली तर दोरे सुटे व्हावेत, ही खूण. ओली भरली तर पेटत नाही, मग माणूस जोराने ओढतो आणि तिथे सगळा घात होतो.

पाइप लहान हवा. माझा या कामासाठी राखलेला पाइप ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाचा आहे, भिंत जाड, वाटी अंगठ्याचं पहिलं पेरही जाणार नाही एवढी. मोठ्या वाटीत भरलेली व्हर्जिनिया तासभर चालते, कुणाला काही होत नाही. पिळाला तेवढी वाटी द्यायचं कारणच नाही. राखलेला म्हणजे खरोखर राखलेला: एकदा काळा पीळ ओढलेल्या पाइपमध्ये दुसरी नाजूक तंबाखू भरली तर पुढे कितीतरी दिवस तिला पिळाचाच वास येत राहतो. सुरुवातीला मक्याच्या कणसाचा पाइप वापरला तरी चालतो. तो स्वस्त असतो आणि ओल शोषून घेतो.

आजोबांच्या सांगण्यावरून मी तपकिरी पिळापासून सुरुवात केली होती. तो धुराला हलका, चवीला गवताळ-मिरमिरीत आहे, पण ताकदीला काळ्याहून कमी नाही. माझ्या अनुभवाने कांकणभर जास्तच. काळा शिजल्याने मवाळ होतो, तपकिरी कच्चा आणि सरळ अंगावर येतो. रंग पाहून कडकपणा ठरवू नये, हे तिथेच कळलं. तरी आधी तपकिरीच का? कारण तो लवकर सुकतो, चटकन पेटतो आणि हाताला वळण लागतं.

काळ्याची पहिली वाटी मी रविवारी दुपारी, आमटी-भात आणि भाकरी असं व्यवस्थित जेवून भरली. वाटी अर्धीच. तळाशी सैल, वर जरा दाबून. काडी लावली तर दोरे पेटायचे नाहीत, नुसते फुगून वर आले. तेल चुरचुरलं. दाबणीने हलकेच बसवलं, दुसरी काडी. पुन्हा फुगले, पुन्हा बसवलं. तिसऱ्या काडीला कडेकडेने लाल रेघ धरली आणि धूर आला: दाट, जिभेवर बसणारा, अजिबात न चावणारा. पहिली चव चुलीत भाजलेल्या वांग्याच्या करपलेल्या सालीची. त्यामागे मिरी. नाकातून थोडासा धूर सोडला तर मिरी डोळ्यांपर्यंत चढली.

पाइपचा धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडातच फिरवायचा असतो. व्हर्जिनिया ओढताना निकोटीन फारसं जाणवत नाही त्याचं कारण तिच्यात साखर जास्त, तिचा धूर आम्लाकडे झुकणारा, आणि आम्लधर्मी धुरातलं निकोटीन तोंडाच्या अस्तरातून सहजी आत शिरत नाही. गडद पानात साखर नावापुरती. त्याचा धूर अल्कलीकडे झुकतो आणि निकोटीन गालांतून, जिभेखालून थेट रक्तात उतरतं. म्हणजे झुरका छातीत न घेताही पीळ आपलं काम करतो. आणि हे काम तो उशिरा सुरू करतो. ओढताना काहीच वाटत नाही, चव चांगली लागत असते, हात आपोआप पाइप तोंडाकडे नेतो. दहा मिनिटांनी कानाच्या पाळ्या गरम होतात. मग वरच्या ओठावर घाम. मग उचकी.

मला उचकी लागली तेव्हा वाटीत अजून बरीच तंबाखू होती. कुंपणापलीकडून आजोबा म्हणाले, ‘‘ठेव आता. आज एवढीच.’’ मी पाइप ठेवला. पोटात ढवळायला लागलं होतं, पायांत बळ नव्हतं, आणि ही अवस्था मला पूर्ण ओळखीची होती. तंबाखू लागली होती. रानातल्या दवातली आणि या वाटीतली, एकच. आजोबा घरात जाऊन केंडल मिंट केक घेऊन आले. नुसती साखर आणि पुदिन्याचं तेल, पांढरी वडी. केंडलचीच ही दुसरी प्रसिद्ध वस्तू, १९५३ मध्ये हिलरी आणि तेनसिंग यांच्या एव्हरेस्ट मोहिमेबरोबर गेलेली. एक तुकडा तोंडात धरला, वर पाणी प्यायलो, पाठ भिंतीला टेकवून बसलो. थोड्या वेळाने उचकी थांबली. इकडे साखरेची वडी, तिकडे गुळाचा खडा. ज्यांच्या हातांना तंबाखू माहीत आहे त्यांनी उतारा स्वतःच शोधून काढलेला आहे.

त्यानंतर मी एकच गोष्ट धरून ठेवली. अंगाला काय वाटतं यावर जायचं नाही, घड्याळावर जायचं. अंगाला वाटेपर्यंत उशीर झालेला असतो. दोन झुरक्यांत मिनिटभर जाऊ द्यायचं. पाइप विझला तर विझू द्यायचा, लगेच पेटवायचा नाही. खाली ठेवायचा, दोन शब्द बोलायचे, चहा प्यायचा, मग काडी लावायची. विझलेली आणि पुन्हा पेटवलेली व्हर्जिनिया कडवट होते. काळ्या पिळाचं तसं होत नाही, उलट दुसऱ्या पेटण्यात त्याची चव गोलाईला येते. निम्म्या वाटीनंतर पाइप बाजूला ठेवून रात्री उरलेली ओढली तरी ती उतरलेली नसते.

चव मिळाली ती अशीच, घाई सोडल्यावर. करपलेपणा मागे सरतो आणि खालून गोडवा येतो. साखरेचा नाही, खरपूस भाजलेल्या दाण्यांत असतो तसला, कोरडा. मग तेलाचा स्निग्धपणा, थोडा कोकोचा कडसरपणा, मध्येच ओल्या मातीचा वास. आणि शेवटच्या भागात, वाटीच्या तळाशी, पुन्हा मिरी. झुरका जितका लहान तितकी चव मोठी. जोराने ओढलं की हे सगळं बंद होतं आणि फक्त कडकपणा उरतो. ज्यांना पिळात कडकपणाखेरीज काही सापडलं नाही त्यांनी तो जोराने ओढला असणार, असं मला ठामपणे वाटतं. ‘मी काळा पीळ संपवून दाखवला’ अशी पैज लावणाऱ्यांबद्दल मला वाईट वाटतं. खाणीतून वर आलेला माणूस हे ओढायचा तो कुणाला दाखवायला नव्हे. पाळी संपलेली असायची, जेवण झालेलं असायचं, अंग जड झालेलं असायचं, आणि त्याला बसायचं असायचं.

आजोबा स्वतः आता फार थोडं ओढतात. फुप्फुसात कोळशाची धूळ आहे, डॉक्टरांनी पूर्ण मनाई केली आहे. आठवड्यातून कधीतरी दोन-चार झुरके घेतात आणि पाइप परत खिशात. मी त्यांना आग्रह करत नाही, आणि त्यांनी मला ‘ओढ’ म्हटलं ते एकदाच. पाइप म्हणजे सिगारेटपेक्षा निरुपद्रवी, असं समजणारे पुष्कळ आहेत. तसं नाही. धूर छातीत घेतला नाही तरी ओठ, जीभ, घसा यांना तो लागतोच, आणि तोंडाचा कर्करोग म्हणजे काय हे तंबाखूच्या पट्ट्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या भावकीत एकाचा अर्धा जबडा काढावा लागला, ते मी पाहिलं आहे. म्हणून मी आठवड्याला एखादी वाटी ओढतो, तीही शनिवार-रविवारी, आणि दातांच्या डॉक्टरांना दर तपासणीत हे सांगतो, म्हणजे ते जिभेखाली आणि गालांच्या आत बघतात. कामाच्या दिवशी, उपाशी पोटी किंवा गाडी चालवायची असेल तर पीळ डबीतून निघत नाही. तलफ लागायला लागली तर सोडायचा, हे घरात कबूल केलेलं आहे, आणि बायको त्यावर लक्ष ठेवून असते. धूर घरात आणायचा नाही, ही तिची अट पहिल्या दिवसापासूनची.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘हितली तंबाखू टाकून एवढ्या लांब गेलास, आन् तिथं जाऊन तंबाखूच वडाय लागलास व्हय?’’ मग जरा वेळाने तिनेच विचारलं, ‘‘पान कसलं असतंय रं? उन्हातलं का?’’ धुरावर वाळवतात म्हटल्यावर तिला ते पटेना. आमच्याकडे पान रानातच पसरतात, दिवसा ऊन आणि रात्री दव खाऊन ते वाळतं. धुरावर वाळवलेल्या पानाला वजन राहील का, मधल्या शिरेचं काय करतात, तेल कोण लावतं, बायका किती असतात, रोज किती पडतो, हे सगळं तिने विचारून घेतलं. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायका तोंडाला पदर बांधून दिवसभर धुळीत उभ्या असतात. तिने ते काम केलेलं आहे. तेलाने धूळ बसते, हे ऐकून तिला बरं वाटलं.

वाटी संपल्यावरचं काम टाळू नये. तळाशी थोडी ओली, काळी तंबाखू उरते. ती ओढायच्या भानगडीत न पडता काढून टाकावी, सगळा कडवटपणा तिच्यात उतरलेला असतो. पाइप पूर्ण गार झाल्याशिवाय नळी काढायची नाही, गरम लाकडात ती सैल होते. मग नळीतून केसाळ तार घालायची. व्हर्जिनियानंतर ती तपकिरी होऊन येते, पिळानंतर काळी, आणि एकीने भागत नाही. वाटीच्या आतला राखेचा थर कागदाने पुसून घ्यायचा आणि पाइप निदान दोन दिवस मोकळ्या हवेत ठेवायचा.

उरलेला पीळ अखंडच ठेवावा. कापून ठेवला तर कडा वाळतात आणि तेल पाटाला लागून जातं. अखंड असला तर काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत वर्षानुवर्षं राहतो. मी लागतील तेवढ्याच चकत्या कापतो. अलीकडे काळ्याच्या जोडीला ब्राउन बोगी आणायला लागलो आहे. तो बारीक पीळ, करंगळीहून थोडा कमी. त्याच्या चकत्या मळाव्याच लागत नाहीत, शर्टाच्या बटणाएवढ्या पडतात. त्या तशाच एकावर एक रचून वाटीत सोडायच्या आणि वरती थोडा चुरा टाकून पेटवायच्या. तेल कमी, त्यामुळे सकाळी कापलं तर संध्याकाळी तयार. ताकद मात्र तपकिरी पिळाचीच, तेव्हा वाटी निम्मी आणि पोट भरलेलं, हा नियम इथेही तोच.